सोडली म्हणजे सोडली

आमच्या मामांनी विडी सोडली की ती बातमी रामनगरात सगळ्यात आधी पोचते ती बसस्टँडसमोरच्या हाटेलात, कारण मामा स्वतः जाऊन ती तिथं पोचवतात. चहा मागवतात, अर्धा बशीत ओततात, फुंकर मारतात, एक घोट घेतात. घोट आत गेला की त्यांचा उजवा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडं जातो. खिसा रिकामा. आता हा हात परत कुठं न्यायचा ते न सुचल्यामुळं मामा तो तसाच छातीवर ठेवतात आणि शपथ घेतल्यासारखे सांगतात, "सोडली म्हणजे सोडली."

काय सोडली, असं कुणी विचारत नाही. गल्ल्यावरचा माणूस एवढंच विचारतो, "ह्या वर्षातली कितवी?"

विडी सोडलेला माणूस आणि विडी सोडणारा माणूस ह्यांत फरक आहे. सोडलेला ओळखूच येत नाही. तो चारचौघांसारखा चहा पितो आणि घरी जातो. सोडणारा लांबून कळतो. त्याच्या एका खिशात वेलदोडे, दुसऱ्यात बडीशेप. हातात सतत काहीतरी लागतं, पेन, किल्ली, खराट्याची काडी. ते तो आधी अंगठ्याच्या नखावर टिचकवतो, मग कानाजवळ नेऊन दोन बोटांत फिरवतो, मग उलटं धरून त्याच्या बुडात हलकेच फुंकतो. एकदा मामांनी बँकेत पैसे काढायच्या चिठ्ठीवर सही करण्याआधी काउंटरला दोरीनं बांधलेल्या पेनवर हा सगळा विधी केला. काउंटरमागचा कारकून बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "कितवा दिवस, काका?" तोही सोडणारच होता.

मामांचा जन्म सुप्याचा. सुपा म्हणजे काळी नदीकाठचं जुनं तालुक्याचं गाव. पुढं नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, १९८०च्या दशकात गाव पाण्याखाली गेलं, माणसं बोचकी बांधून रामनगरला आली. तालुका आता जोयड्याच्या नावानं चालतो, जुनी माणसं मात्र अजून सुपा तालुकाच म्हणतात. ह्या सुप्याच्या नदीकाठी, पंधराव्या वर्षी, मामांनी पहिली विडी ओढली. एरवी मामा सुप्याबद्दल फार बोलत नाहीत, पण मामींनी विडीवरून तोंड सोडलं की त्यांचा आवाज जड होतो. "गाव बुडालं. घर बुडालं. शाळा बुडाली. सुप्याची म्हणून माझ्याकडं एवढी एकच वस्तू राहिली, ती पण सोड म्हणतीस?"

मामी तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हणतात, "मी पण सुप्याचीच आहे."

नोकरी सरकारी बसवर, कंडक्टरची. दांडेलीहून गणेशगुडी, जोयडा, कुंभारवाडा करत अणशीचा घाट उतरून कद्रामार्गे कारवार, आणि दुसऱ्या दिवशी तोच रस्ता उलटा. तीस-बत्तीस वर्षं. चालत्या गाडीत ओढायची नाही, हा मामांचा नियम. त्यामुळं सगळी विडी थांब्यांवर. गणेशगुडीला उतरले की एक. जोयड्याला सही करून आले की एक. कुंभारवाड्याला चहाबरोबर एक, आणि चहा चांगला असला तर दोन. त्यांचा हिशेब किलोमीटरमध्ये नसतोच. "आमच्या घरापासून स्टँड एक विडी," असं ते सांगत. म्हणजे पेटवून निघालं की थोटूक टाकायच्या वेळेला स्टँड येतो. विडी बंद असली की हेच अंतर दोन वेलदोड्यांचं होतं. मी एकदा पावलं मोजून बघितलं होतं, मामा बरोबर निघाले.

निवृत्त झाल्यावर मामा त्याच गाडीनं कधी कारवारला गेले तर खिडकीशी बसतात आणि त्यांचे हाल बघवत नाहीत. गणेशगुडी आली की त्यांना तलफ येते. जोयडा आला की येते. मधल्या जंगलात, जिथं दोन्ही बाजूंनी नुसता व्याघ्रप्रकल्प आहे आणि माणसाचं चिन्ह नाही, तिथं येत नाही. तंबाखू निपाणीची असेल, पान तेंदूचं असेल, पण मामांची विडी ह्या रस्त्यानं बनवलेली आहे. हे मला फार उशिरा कळलं. आम्ही सगळे त्यांना छातीचा एक्सरे दाखवून भीती घालत होतो, आणि मामांची अडचण होती कुंभारवाड्याच्या स्टॉपची.

त्यांनी विडी कधी कधी सोडली त्याची यादी मोठी आहे. एक जानेवारी दरवर्षी धरून चालावी. गुढीपाडवा, दसरा, गुरुपुष्य. २ ऑक्टोबर २००८ला देशभर सार्वजनिक ठिकाणी विडी-सिगारेट ओढायला बंदी आली, दोनशे रुपये दंड लागला, तेव्हा मामांनी गांधीजींसाठी म्हणून सोडली होती. गांधीजयंतीची सुट्टी संपली तशी तीही संपली. अलीकडं कर्नाटकात हाच दंड हजारावर गेला. मामांनी त्यावर एक दिवस विचार केला आणि सांगितलं की दंड वाढला तशी ओढणाऱ्याची किंमतही वाढली.

पण यंदाची गोष्ट वेगळी आहे.

माघात उळवीला चन्नबसवण्णांची जत्रा भरते. धारवाड, बेळगाव, हावेरीकडून बैलगाड्या येतात, जंगलातून घुंगरांचा आवाज रात्रभर चालतो. मामांनी पौर्णिमेला देवापुढं उभं राहून विडी सोडली. हातात अर्धा कट्टा शिल्लक होता. टाकून द्यायचा त्यांना जीव होईना. पाण्यात टाकावा तर क्षेत्राचं पाणी. मग त्यांनी तो एका गाडीवानाला देऊन टाकला. थंडीत बिचारा बैलांजवळ बसला होता, त्याला आनंद झाला, मामांनाही दान केल्याचं समाधान मिळालं. हे समाधान तासभर टिकलं. तासाभरानं मामा त्या गाडीवानाला शोधायला निघाले. शेकडो गाड्या, सगळ्या बैलांच्या शिंगांना सारखेच गोंडे, सगळे गाडीवान घोंगडी पांघरून बसलेले. "पांढऱ्या बैलांची गाडी कुठली हो?" असं विचारत मामा पहाटेपर्यंत हिंडले. सापडला नाही. मामी म्हणतात, ही करणी चन्नबसवण्णांचीच.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट असतात, असं दांडेलीच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मामींनी त्याची पूर्वसूचना शेजारीपाजारी दिली. मामा त्या तीन दिवसांत पंख्याशी भांडले, कुकरच्या शिट्टीशी भांडले, आणि रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला "जरा हळू वाच की!" म्हणून ओरडले. डॉक्टरांनी चार गोष्टी सांगितल्या होत्या आणि मामांनी त्या सवयीप्रमाणं तिकिटाच्या पाठीवर टिपून घेतल्या होत्या. तलफ आली की लगेच हार मानायची नाही, थोडा वेळ काढायचा. पाणी प्यायचं. दीर्घ श्वास घ्यायचा. हात कामात गुंतवायचे.

मामांनी चारही इमानदारीनं केल्या. पाणी इतकं प्यायले की स्टँडवर जायचं सोडून परसात जायला लागले. दीर्घ श्वास हाटेलात घेतला, जिथं शेजारच्या बाकावर तिघं ओढत बसले होते. असा खोल श्वास मामांनी उभ्या आयुष्यात घेतला नसेल. आणि हात गुंतवायला मामींनी चिंच दिली. माघ-फाल्गुन म्हणजे चिंचेचे दिवस. मामा सुरी आणि पाट घेऊन बसले. घरची चिंच दीड दिवसात फोडून झाली. मग शेजारची. मग समोरच्या घरची. चौथ्या दिवशी गल्लीत एक चिंचोका आत राहिला नाही, आणि मामा पिशवी घेऊन दारोदार "चिंच आहे काय हो, चिंच?" विचारत हिंडायला लागले. बायका खूश होत्या. "दरवर्षी ह्याच महिन्यात सोडा," असं एकीनं सुचवलं.

निकोटीनचं च्युइंगम ही कल्पना माझी. दोन मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणून मी बेळगावहून आणलं. ते थोडं चावायचं, जिभेला चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचं, मग पुन्हा थोडं चावायचं, हे सगळं त्यांना नीट समजावून सांगितलं. मामांनी ते पान खाल्ल्यासारखं चावलं. पाच मिनिटांत उचकी लागली. उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतं असं म्हणतात. मामी म्हणाल्या, "दुकानदार काढत असेल."

कालनिर्णयाचं प्रकरण ह्याच महिन्यातलं. विडीविना गेलेल्या प्रत्येक दिवसावर मामा लाल पेनानं फुली मारत. ही फुली मारणं हा दिवसातला मोठा सोहळा. रात्री जेवण झालं की चष्मा लावायचा, भिंतीशी जायचं, तारीख दोनदा वाचायची, फुली मारायची, चार पावलं मागं येऊन बघायचं. घरात त्याच कॅलेंडरवर मामींचं दुधाचं खातं. दूध आलं नाही त्या दिवसावर फुली. महिना संपला तेव्हा मामा चिंचेच्या शोधात बाहेर होते आणि गवळी पैसे न्यायला आला. मामींनी चष्मा न लावता फुल्या मोजल्या आणि महिन्यात फक्त पाचच दिवस दूध आलं असा निवाडा दिला. गवळी रानातला साधा माणूस, तो आधी हसला, मग देवाची शपथ घेतली, मग रडकुंडीला आला. मामा परत आले तेव्हा अंगणात पंधरा माणसं जमली होती. गवळ्याचे पैसे वाचवायचे तर त्या फुल्या कशाच्या हे पंधरा माणसांसमोर सांगणं आलं. मामांनी सांगितलं. एवढ्या फुल्या ऐकून जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांना त्या आवडल्या असाव्यात, कारण दुसऱ्या महिन्यात फुल्या जास्त मोठ्या झाल्या. गवळ्यासाठी मामींनी आता वेगळी वही केली आहे.

ह्यानंतर हेल्पलाइन. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची एक फुकट फोनसेवा आहे, २०१६ पासून. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटनं सुरू केली. तिचा नंबर २०१८ पासून पाकिटावरच छापलेला असतो. एका संध्याकाळी मामांना जबरदस्त तलफ आली आणि त्यांना तो नंबर आठवला, म्हणजे नंबर आहे हे आठवलं. आकडे आठवेनात. घरात पाकीट नाही, कारण विडी सोडलेली. माझ्या मोबाइलवर शोधावं तर रेंज नाही. "जा, एक कट्टा आण," मामा मला म्हणाले.

"मामा, अहो, विडी सोडायला विडी आणू?"

"ओढायला नाही रे, वाचायला!"

मी दुकानात गेलो. दुकानदारानं कट्टा काढून दिला आणि एकच प्रश्न विचारला, "मामांनी धरली परत?" नाही, वाचायला पाहिजे, असं मी सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. विडीच्या कागदावरचे आकडे इतके बारीक आणि पुसट की भिंग लावूनही लागेनात. मामांनी मला सिगारेटचं पाकीट आणायला पुन्हा पाठवलं. आता दुकानदारानं विचारलंही नाही. मी घरी पोचेपर्यंत मामांनी सिगारेट धरल्याची बातमी हाटेलात गेलेली होती. त्या दोन वस्तूंचं पुढं काय झालं, हा ह्या लेखाचा विषय नाही. मी कधीतरीच ओढतो.

नंबर १८००-११-२३५६. आता रेंज हवी. मामांच्या घरापासून रेंज मिळते ती रस्त्याच्या मोरीवर. मोरीवर रेंज असल्यामुळं संध्याकाळनंतर गावातली पोरं तिथंच, आणि पोरं आहेत म्हणजे धूरही तिथंच. अशा धुरात उभं राहून मामांनी फोन लावला. भाषा निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी कन्नड निवडली, कारण सरकारी काम कन्नडातच व्हायचं, ही त्यांची नोकरीपासूनची समजूत. पलीकडून एका मुलीनं अदबीनं विचारलं, सकाळी उठल्यावर किती वेळानं पहिली विडी लागते? साधा प्रश्न. मामांनी उत्तर सुप्यापासून सुरू केलं. धरणाला सुरुवात झाली तिथपर्यंत आले आणि रेंज गेली.

पण त्या मुलीनं चार दिवसांनी स्वतः फोन केला. मग आठवड्यानं पुन्हा. तिनं त्यांच्याकडून वही करून घेतली, कुठं असताना तलफ येते, कोण बरोबर असतं, आधी काय खाल्लं-प्यालं. मामांना नोंदी ठेवायचं काम मिळालं आणि त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला. जेवणानंतर. चहाबरोबर. वीज गेल्यावर. पहिला पाऊस मातीवर पडला की. पोट साफ होत नाही तेव्हा. बस सुटायची घंटा वाजली की. आणि एक नोंद अशी होती: "कारण नाही. सहज." मुलगी म्हणाली, काका, तलफ काही मिनिटांची असते, तेवढी काढा. मामांनी त्यावरून आपलं तत्त्वज्ञान तयार केलं आणि ते आता हाटेलात सगळ्यांना ऐकवतात. "तलफ म्हणजे बिनतिकिटाचा पॅसेंजर. चढताना थांबवता येत नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, भांडायचं नाही, तिकीट तर फाडायचंच नाही. आपण दुसरीकडं बघायचं. पुढच्या स्टॉपला आपोआप उतरतो." मग घड्याळ बघतात. "उतरला."

कधी कधी घड्याळ बघून काही बोलत नाहीत. तेव्हा समजायचं, पॅसेंजर अजून गाडीत आहे.

खरं सांगायचं तर मामांच्या सगळ्या सोडण्यांत एकच खरी होती, यंदाच्या आधीची, आणि ती कुणाला सांगितलेली नव्हती. त्यांच्याबरोबर वीस वर्षं गाडीवर असलेला एक ड्रायव्हर होता, कुंभारवाड्याकडचा. एका पावसाळ्यात रात्री अणशीच्या घाटात दरड आली आणि गाडी अडकली. प्रवासी आत झोपले. हे दोघं पायरीवर बसलेले, पावसाचा आवाज असा की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागावं. दोघांत मिळून एक विडी, आणि काडेपेटी ओली. ड्रायव्हरनं एकेक काडी काढून केसांत घासून वाळवली. अकरा काड्या वाया गेल्या, बारावी पेटली. चार तळवे एका ज्योतीभोवती धरलेले. आळीपाळीनं एकेक झुरका घेत त्यांनी ती एक विडी पुरवून पुरवून ओढली. तेंदूचं पान सारखं ओढलं नाही तर विझतं, म्हणून एकाचा झुरका संपला की दुसरा तयारच. मामा ही गोष्ट सांगतात तेव्हा काड्यांचा आकडा कधी चुकत नाहीत. तो ड्रायव्हर नंतर छातीनंच गेला. तेराव्याला जेवणं झाल्यावर पुरुषमाणसं ओट्यावर बसली, कुणीतरी कट्टा फिरवला, मामांनी हातानंच नको म्हटलं आणि उठून बैलांच्या गोठ्याकडं जाऊन उभे राहिले. ते चार महिने टिकलं. मग एक दिवस जोयड्याच्या स्टॉपवर नवा ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं पेटवली आणि न विचारता पुढं केली.

वैशाखात मडगावला लग्न होतं. लोंढ्याहून आम्ही गाडीत बसलो, मामा, मामी, मी. कॅसलरॉकला गाडी थांबते ती बराच वेळ थांबते, कारण तिथून खाली कुळ्यापर्यंत घाटाचा उतार, ३७ फुटांना एक फूट, आणि त्यासाठी जादा इंजिनं जोडावी लागतात. हा थांबा म्हणजे सोडणाऱ्याची परीक्षाच. हवा गार, हातात चहा, आणि गाडी सुटायची घाई नाही. रेल्वेत आणि स्टेशनात ओढायला बंदी आहे, म्हणून ओढणारे आवाराबाहेर कुंपणापलीकडं जाऊन उभे होते. मी कधीतरीच ओढतो, त्यामुळं मीही तिथं होतो. जरा वेळानं बघतो तर मामा चहाचा पेला घेऊन कुंपणाच्या अलीकडं, आमच्यापासून दहा पावलांवर, नेमके वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे.

"मामा, तुम्ही तिकडं बसा की बाकावर."

"मी काय करतोय? चहा पितोय. वारा इकडं आहे त्याला मी काय करू?"

गोवा मुक्त होईपर्यंत कॅसलरॉक म्हणजे सरहद्द होती, प्रवाशांच्या सामानाची झडती व्हायची. त्या दिवशी ती परंपरा मामींनी चालवली. मामा डब्यात येऊन बसताच मामींनी आधी त्यांचा शर्ट हुंगला, मग उजव्या हाताची दोन बोटं. शर्टाला धुराचा वास येणारच होता. बोटांना नव्हता. मामींनी शर्टाचं खरं मानलं. मामा आयुष्यात पहिल्यांदा खरोखर निर्दोष होते आणि त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. दूधसागर आला, सगळा डबा खिडकीकडं धावला, मामा पाठ करून बसले. कुळ्याला उतार संपला तेव्हा म्हणाले, "गोव्यात १९९७ पासून कायदा आहे. देशाच्या आधीपासून. इथं मला कसली भीती नाही. भीती आहे ती कॅसलरॉकपर्यंतच." मी गप्प बसलो. खरं सांगून टाकावं तर माझ्याच शर्टाचा प्रश्न होता.

लग्नात मामांनी चार वाट्या खीर खाल्ली. विडी सुटल्यापासून त्यांना जेवणाची चव नव्यानं लागायला लागली आहे. जोयड्याच्या कंदमेळ्यातले कुणबी लोकांचे कंद त्यांनी आयुष्यभर "काय ती माती" म्हणून बाजूला सारले होते, आता ते उकडून मीठ-तिखट लावून देताय का म्हणून विचारतात. पँटी दोन आकड्यांनी बदलल्या. वास तर इतका कळायला लागलाय की मामींची आमटी करपायच्या आधी बाहेरून ओरडतात. मामींच्या मते हा नवाच त्रास.

मग मृग लागला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे सुरू झाला की थांबायचं विसरतो, आणि त्याच्याबरोबर जळवा. मामा परसात केळीच्या आळ्यात गेले आणि जळू पोटरीला लागली. इथपर्यंत दोन्ही पक्षांचं एकमत आहे. पुढं मामांचं म्हणणं असं, की जळू ओढून काढली तर रक्त थांबत नाही, तिला निखाऱ्याचा चटका द्यावा लागतो, हे लहान पोरालाही माहीत आहे. शेजारच्या बागेत सुपारीच्या कामावर आलेल्या माणसाकडं विडी होती, ती त्यांनी मागून घेतली, फक्त चटक्यासाठी. आणि विडी ओढल्याशिवाय पेटती राहत नाही. पान विझतं. त्यामुळं दोन झुरके घ्यावे लागले. ते जळवेसाठी होते.

मामींचं म्हणणं एका वाक्याचं आहे. "मीठ होतं घरात."

त्यावर मामांनी हेल्पलाइनच्या मुलीचं मत मागवलं. तिनं काय सांगितलं ते दोघंही सांगत नाहीत. म्हणजे तिनं दोघांनाही थोडं थोडं सुनावलं असणार. त्या दिवसापासून मामा परसात जाताना खिशात मिठाची पुरचुंडी घेऊन जातात. उजवा हात अजून खिशाकडं जातोच, पण तिथं आता काहीतरी सापडतं. चहाच्या दुसऱ्या घोटाला ती पुरचुंडी काढून नखावर टिचकवताना मी परवाच त्यांना पाहिलं.

उद्या आषाढी एकादशी. भिंतीवरच्या कालनिर्णयाप्रमाणं आज मामांचा १४३वा दिवस. मामींच्या दुधाच्या वहीत मागच्या पानावर वेगळी नोंद आहे, तिच्याप्रमाणं १७वा.